वाजवी मार : वेल्स देशांतील एका लहानशा कायद्याची हकीकत

दर जून महिन्यांत प्रवेशाच्या दिवशीं एक वाक्य आमच्या कानीं हमखास पडतें. एखादे पालक मुलाला आमच्यापुढें उभें करितात आणि म्हणतात, "सर, हाडें आमचीं, मांस तुमचें." म्हणणारा गृहस्थ क्रूर नसतो. बहुधा तो मुलावर जीव टाकणाराच असतो. आपला अधिकार आपण विश्वासानें शिक्षकाच्या हवालीं करीत आहों, एवढेंच त्याला सांगावयाचें असतें. मूल मात्र त्या वेळीं बापाच्या तोंडाकडे न पाहतां आमच्या हातांकडे पाहत असतें.

हें वाक्य आपल्याच मुलखांतलें आहे, अशी आमची पुष्कळ वर्षें समजूत होती. परंतु इंग्लंडच्या कायद्यांत तें निराळ्या शब्दांनीं येऊन बसलें होतें, आणि दीडशें वर्षांहून अधिक काळ तेथें टिकून होतें. ग्रेट ब्रिटनच्या पश्चिम अंगास वेल्स म्हणून एक चिमुकला देश आहे. लोकवस्ती सुमारें एकतीस लाख. त्या देशानें तें २०२२ सालीं आपल्यापुरतें खोडून टाकलें. हें कसें घडलें, आणि त्यामागें एका वृद्ध बाईंची केवढी चिकाटी होती, ती हकीकत आमच्या विद्यार्थ्यांनीं वाचावी व घरीं आईबापांनाहि वाचून दाखवावी, म्हणून आम्ही ती येथें देत आहों.

आरंभ जरा मागून करावा लागतो. १८६० सालची गोष्ट. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ईस्टबोर्न गांवीं टॉमस हॉप्ली नांवाचा एक शिक्षक आपल्या घरींच विद्यार्थी ठेवून त्यांस शिकवीत असे. तो अडाणी नव्हता. शिक्षणाविषयीं त्याचे मोठमोठे विचार होते. त्याच्याकडे रेजिनाल्ड कॅन्सेलर नांवाचा पंधरा वर्षांचा मुलगा होता. साधें गणितहि त्याला येत नसे. मुलगा मंद नसून हट्टी आहे, असा हॉप्लीचा ग्रह झाला. हट्ट मोडण्यासाठीं कडक मार द्यावा लागेल, तरी परवानगी असावी, असें पत्र त्यानें मुलाच्या वडिलांस लिहिलें. आणि वडिलांनीं परवानगी दिली. एप्रिल महिन्यांतील एका रात्रीं हॉप्लीनें त्या मुलाला जाड दोरीनें आणि काठीनें पुष्कळ वेळ मारलें. सकाळीं मुलगा बिछान्यांत मेलेला आढळला. जखमा दिसूं नयेत म्हणून त्याच्या हातांत व पायांत मोजे चढविले होते. पुढें शवपरीक्षा झाली तेव्हां त्याच्या मेंदूंत पाणी सांचलें असल्याचें दिसून आलें. गुरुजी ज्याला हट्ट म्हणत होते, तो आजार होता.

हॉप्लीला चार वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. पण आपल्या विषयाच्या दृष्टीनें शिक्षेपेक्षां न्यायाधीशांनीं सांगितलेलें तत्त्व महत्त्वाचें आहे. मुख्य न्यायाधीश सर अलेक्झांडर कोबर्न यांनीं असें सांगितलें कीं, आईबाप, आणि आईबापांनीं ज्याच्याकडे आपला अधिकार सोंपविला असेल तो शिक्षक, मुलाचा दोष घालविण्यासाठीं त्याला माफक व वाजवी शारीरिक शिक्षा करूं शकतात. रागाच्या भरांत केलेली, मुलाच्या सहनशक्तीपलीकडची किंवा भलत्या साधनानें केलेली शिक्षा मात्र बेकायदेशीर. आतां पाहा : ज्या खटल्यांत एक मुलगा मारानें मेला, त्याच खटल्यांत 'वाजवी मार' या सबबीवर कायद्याचा शिक्का बसला. आणि ती सबब बापाच्या परवानगीवरच उभी होती. हाडें आमचीं, मांस तुमचें!

ही सबब म्हणजे काय, हें मुलांना नीट समजलें पाहिजे. रस्त्यानें जाणाऱ्या एका माणसानें दुसऱ्याच्या थोबाडींत मारली तर तो अपराध होतो. मार किती जोराचा होता, मारणाऱ्याचा हेतु चांगला होता कीं काय, हे प्रश्न नंतरचे. परंतु मार खाणारा जर मारणाऱ्याचाच सहा वर्षांचा मुलगा असेल, तर मारणाऱ्यास कोर्टांत सांगतां येई, "साहेब, ही वाजवी शिक्षा होती," आणि तो सुटे. म्हणजे अंगानें धडधाकट माणसाला कायद्याचें पुरें संरक्षण, आणि सर्वांत दुबळ्या माणसाला अपुरें. असा हा अपवाद होता.

बरें, वाजवी म्हणजे किती? हें कोणालाच सांगतां आलें नाहीं. इंग्लंड व वेल्स येथील सरकारी खर्चानें चालणाऱ्या शाळांतून छडी १९८७ सालीं हद्दपार झाली, खाजगी शाळांतून १९९९ सालीं. पण घरांतला मार तसाच राहिला. इंग्लंडांतील एका मुलाला त्याच्या सावत्र बापानें बागेंतल्या वेताच्या काठीनें वारंवार मारलें होतें. खटला झाला आणि ज्यूरीनें, ही शिक्षा वाजवी होती ही सबब मान्य करून, बापाला सोडून दिलें. तें प्रकरण युरोपच्या मानवी हक्कांच्या न्यायालयांत गेलें. १९९८ सालीं त्या न्यायालयानें, ब्रिटनचा कायदा मुलाचें रक्षण करण्यास अपुरा आहे, असा निर्णय दिला. तेव्हां २००४ सालीं लंडनच्या पार्लमेंटानें कायदा थोडा आंवळला. पूर्ण बंदीची सूचना त्या वेळीं आली होती, ती ७५ विरुद्ध ४२४ मतांनीं नापास झाली. ठरलें तें एवढेंच कीं, शरीराला इजा झाली तर ती सबब चालणार नाहीं. व्यवहारांत याचा अर्थ असा झाला कीं, चापटीची लाली कांहीं वेळानें मावळली तर मार वाजवी, व्रण राहिला तर गैरवाजवी. न्यायाचें माप मुलाच्या कातडीच्या रंगावर आलें! सांवळ्या कातडीवर लाली फारशी दिसत नाहीं, हें त्या थोर सभागृहाच्या ध्यानांत आलें होतें कीं नाहीं, कोण जाणे.

आतां वेल्सकडे वळूं. वेल्सला १९९९ सालीं स्वतःचें विधिमंडळ मिळालें. कार्डिफ या राजधानीच्या शहरीं, समुद्राच्या खाडीलगत, तें भरतें. २०२० च्या मे महिन्यापासून त्याचें नांव 'सेनेद' असें झालें. आरंभीं या विधिमंडळाला फार थोडे अधिकार होते. ते हळूहळू वाढत गेले. मुलांच्या बाबतींत मात्र या लहान देशानें पहिल्यापासून लक्ष घातलें, आणि त्याला एक दुःखद कारणहि होतें. उत्तर वेल्समधील बालगृहांत अनाथ व निराधार मुलांचे जे छळ वर्षानुवर्षें झाले, त्यांची चौकशी होऊन २००० सालीं अहवाल बाहेर पडला. त्या मुलांनीं तक्रारी केल्या होत्या. कोणीं ऐकल्या नव्हत्या. त्यानंतर २००१ सालीं वेल्सनें मुलांचें म्हणणें ऐकण्यासाठीं एक स्वतंत्र आयुक्त नेमला. ब्रिटनमध्यें असा अधिकारी तोंपर्यंत कोठेंच नव्हता.

याच देशांत ज्यूली मॉर्गन या बाईंचें काम चाललें होतें. त्यांचा जन्म १९४४ सालीं कार्डिफ येथें झाला. राजकारणांत येण्यापूर्वीं त्या समाजसेविकेचें काम करीत. अडचणींत सांपडलेल्या कुटुंबांच्या घरोघर जाऊन मुलांची स्थिति पाहणें, आईबापांना हात देणें, हें त्यांचें रोजचें काम. बार्नार्डोज या मुलांसाठीं काम करणाऱ्या संस्थेंतहि त्या जबाबदारीच्या जागेवर होत्या. कौंटी कौन्सिलच्या सभासद झाल्या. १९९७ पासून २०१० पर्यंत लंडनच्या पार्लमेंटांत उत्तर कार्डिफच्या प्रतिनिधि होत्या. आणि २०११ सालीं त्याच भागांतून वेल्सच्या विधिमंडळांत निवडून आल्या. त्यांचे पति ऱ्होड्री मॉर्गन हे २००० ते २००९ वेल्सचे मुख्य मंत्री होते. परंतु मॉर्गनबाईंचें काम त्यांच्या सांवलींतलें नव्हतें. मुलांना मारण्याची मुभा कायद्यानें काढून घ्यावी, हा एकच विषय त्यांनीं वीस वर्षांहून अधिक काळ लावून धरला. लंडनमध्यें तें जमलें नाहीं. कार्डिफमध्येंहि प्रथम जमलें नाहीं, कारण हा विषय विधिमंडळाच्या अधिकारांत येतो कीं नाहीं याविषयींच वाद होता. २०१७ च्या कायद्यानें वेल्सचे अधिकार नव्यानें आखले गेले, ते २०१८ च्या एप्रिलपासून अमलांत आले. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत मॉर्गनबाई उपमंत्री झाल्या. पुढच्या मार्चमध्यें त्यांनीं बिल मांडलें.

बिल अगदीं लहान होतें. नवा अपराध त्यानें निर्माण केला नाहीं, नवी शिक्षा सांगितली नाहीं. 'वाजवी शिक्षा' ही सबब यापुढें वेल्समध्यें कोणाहि आईबापास किंवा त्यांच्या जागीं असलेल्या माणसास पुढें करतां येणार नाहीं, एवढाच त्याचा गाभा. भिंतींतली एक वीट काढावी तसा १८६० सालचा अपवाद काढून घेतला, आणि मोठ्या माणसाला जें संरक्षण होतें तेंच लहानाला मिळालें.

विरोध मोठा झाला, आणि तो करणारे सगळेच कांहीं मुलांचे वैरी नव्हते. आम्ही त्यांची बाजू येथें मुद्दाम मांडतों, कारण आमच्या पालकांपैकीं पुष्कळांच्या मनांत तेच विचार येतील. ते म्हणत : मुलाला क्रूरपणें मारणें हा आजहि अपराध आहेच, मग हलक्या चापटीपायीं एका चांगल्या आईच्या दारांत पोलीस कशाला? घर हें घर आहे, सरकारनें त्यांत शिरूं नये. शिवाय भीतीमुळें अडचणींतल्या आया मदत मागावयासच येणार नाहींत. कांहीं ख्रिस्ती लोकांनीं नीतिसूत्रांतील छडीच्या वचनाकडे बोट दाखविलें. तें वचन आमच्याहि घरीं लहानपणीं वरचेवर ऐकूं येई, आणि बहुधा वडिलांचा हात वर गेल्यानंतरच त्यांना त्याची आठवण होई.

या आक्षेपांपैकीं शेवटून दुसरा, म्हणजे आया मदतीला येणार नाहींत हा, आम्हांला सर्वांत वजनदार वाटतो. आणि मॉर्गनबाईंनीं त्याचीच तयारी अधिक केली. २०२० च्या जानेवारीच्या २८ तारखेस ३६ विरुद्ध १४ मतांनीं बिल पसार झालें. बाईंचें वय तेव्हां पंचाहत्तर होतें. मार्चच्या २० तारखेस राजमान्यता मिळाली. पण कायदा लागू झाला तो २०२२ च्या मार्चच्या २१ तारखेस, म्हणजे पुरीं दोन वर्षें मध्यें ठेवलीं होतीं. ही दोन वर्षें लोकांना माहिती देण्यासाठीं आणि पोलीस, समाजसेवक, शाळा यांची तयारी करून घेण्यासाठीं होतीं. लोकांना माहिती देण्याचें बंधन मंत्र्यांवर कायद्यांतच घातलें होतें. (योगायोग असा कीं, राजमान्यतेनंतर तीनच दिवसांत कोरोनाच्या सांथीमुळें सर्व ब्रिटनमध्यें टाळेबंदी जाहीर झाली, आणि आईबाप व मुलें महिनोन्‌महिने एका छपराखालीं कोंडलीं गेलीं. मुलांशीं कसें वागावें हा प्रश्न त्या काळांत जितका घरोघर निघाला असेल, तितका एरव्हीं क्वचितच निघतो.)

कायदा लागू झाल्यावर काय होतें? कोणी मुलाला मारल्याची वार्ता पोलिसांकडे गेली, तर ते चौकशी करितात. प्रकार गंभीर असेल तर खटला होतोच. तसा नसेल, तर कोर्टाऐवजीं आईबापांना स्थानिक कौन्सिलच्या मदतनिसाकडे पाठवितां येतें. वेल्समध्यें अशीं २२ कौन्सिलें आहेत, आणि या कामासाठीं सरकारनें त्यांना पैसा पुरविला. मदतनीस त्या कुटुंबाशीं बोलतो : मूल रात्रीं झोंपत नाहीं, बाजारांत लोळण घेतें, भावाला चावतें, अशा वेळीं काय करावें, आपला संताप उसळत असल्याचें कसें ओळखावें, नियम थोडे पण रोज तेच कसे ठेवावे. आणखी एक गोष्ट स्पष्ट केलेली आहे. रस्त्यावर धांवत सुटलेल्या मुलाला दंड धरून मागें ओढणें, विस्तवाजवळून उचलून नेणें, नको म्हणत असतांहि त्याला कपडे घालणें, दांत घांसणें, यांत अपराध नाहीं. ती शिक्षा नव्हे, तें रक्षण आहे. रागें भरणें, खेळ बंद करणें, नाहीं म्हणणें, हेंहि सर्व आईबापांच्या हातीं राहिलेंच. काढून घेतला तो फक्त मार.

हा कायदा करणारा वेल्स हा पहिला देश नव्हे. स्वीडननें १९७९ सालींच तो केला होता, आणि शेजारच्या स्कॉटलंडमध्यें तो २०२० च्या नोव्हेंबरांत लागू झाला. इंग्लंडांत मात्र वेल्सचा कायदा सुरू झाला त्या दिवशीं जुनी सबब तशीच होती. त्यामुळें एक चमत्कारिक स्थिति उत्पन्न झाली. सेव्हर्न नदीवरील पुलाच्या एका टोंकाला जी चापट वाजवी, ती दुसऱ्या टोंकाला गुन्हा. आणि वेल्समध्यें सुटी घालविण्यास आलेल्या इंग्रज कुटुंबालाहि वेल्समध्यें असेपर्यंत तोच नियम.

मॉर्गनबाईंचीं दुसरीं कामें थोडक्यांत सांगतों. लंडनच्या पार्लमेंटांत असतांना, सोळा वर्षांच्या मुलामुलींस मताचा अधिकार असावा, असें बिल त्यांनीं २००८ सालीं मांडलें. तें पुढें सरकलें नाहीं. परंतु २०२० सालीं वेल्सच्या विधिमंडळानें आपल्या निवडणुकीपुरता तो अधिकार दिला आणि २०२१ च्या मे महिन्यांत सोळा व सतरा वर्षांच्या मुलांनीं प्रथमच मतें दिलीं. कृत्रिम किरणांनीं कातडी तांबूस करून देणारीं जीं दुकानें तिकडे असतात, त्यांत अठरा वर्षांखालील मुलांना घेऊं नये, हा २०१० चा कायदाहि त्यांच्याच बिलामुळें झाला; त्या किरणांनीं पुढें कातडीचा कर्करोग होतो. (आपल्याकडे गोरें होण्याच्या मलमांवर पैसा उधळला जातो आणि तिकडे सांवळें होण्यासाठीं!) मंत्री असतांना 'फ्लाइंग स्टार्ट' ही योजना त्यांच्याकडे होती. ती गरीब वस्त्यांतील चार वर्षांखालील मुलांसाठीं आहे : दोन-तीन वर्षांच्या मुलांस आठवड्याला साडेबारा तास विनामूल्य बालवाडी, घरीं येणारी आरोग्यसेविका, मुलाला बोलतें करण्यास साहाय्य, आणि आईबापांना मार्गदर्शन. तसेंच, सरकारच्या देखरेखीखालीं वाढलेल्या ज्या मुलांना अठराव्या वर्षीं एकदम जगांत सोडून दिलें जातें, त्यांना दोन वर्षें दरमहा १६०० पौंड देऊन पाहण्याचा प्रयोग वेल्स सरकारनें २०२२ च्या जुलैंत सुरू केला, तेव्हांहि सामाजिक सेवांचें खातें बाईंकडेच होतें. २०२४ च्या मार्चमध्यें त्यांनीं मंत्रिपद सोडलें. हीं कामें व तो कायदा वेगवेगळे मानूं नयेत, असें आम्हांला वाटतें. थकलेल्या आईला नुसतें 'मारूं नको' म्हणणें सोपें आहे. तिच्या घरीं माणूस पाठविणें खर्चाचें आहे.

आपल्याकडील स्थिति काय, असें कोणी विचारील. शाळेंत मुलाला मारणें अथवा मानसिक त्रास देणें हें २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें, सतराव्या कलमान्वयें, मना आहे. तो कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. घराविषयीं मात्र तसें नाहीं. ज्या १८६० सालीं हॉप्लीचा खटला चालला, त्याच सालीं भारतीय दंडसंहिता मंजूर झाली. बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठीं पालकानें, किंवा पालकाच्या संमतीनें दुसऱ्यानें, सद्भावनेनें केलेल्या कृत्यास तिच्या ८९ व्या कलमांत संरक्षण होतें. दंडसंहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या २७ व्या कलमांत तें संरक्षण पुन्हां आलें आहे.

येथें आम्हांला आमचीहि एक गोष्ट सांगितली पाहिजे. न सांगितली तर वरील सर्व लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. २०१० पूर्वींची, आमच्या नोकरीच्या पहिल्या वर्षांतली ही गोष्ट. शाळा दुसरी होती. वर्गांत एक मुलगा होता. त्याला भागाकार येत नसे. त्याच्या वडिलांनीं तें हाडामांसाचें वाक्य आम्हांस प्रवेशाच्या दिवशींच सांगून ठेवलें होतें, आणि आम्हांस त्याचा आधार वाटे. सहामाहीच्या आधीं आम्ही त्याला तीन-चार वेळां पट्टीनें तळहातावर मारलें. मार 'वाजवी' होता. व्रण उठला नाहीं, मुलगा रडलाहि नाहीं. पण त्यानंतर आम्ही केव्हांहि त्याच्या बाकाजवळून गेलों, कीं आम्हीं कांहीं विचारण्यापूर्वींच तो आपला हात पुढें करी. एके दिवशीं आम्ही केवळ खिडकी लावण्यासाठीं तिकडे गेलों होतों, तरी त्यानें हात पुढें केला. वर्गांतील मुलें हंसलीं. भागाकार त्याला वर्षअखेरपर्यंत आला नाहीं.

यंदाच्या जूनमध्यें एक गृहस्थ आपल्या पांचवींतल्या मुलाला घेऊन आले आणि तेंच वाक्य बोलले. आम्हीं त्यांना बसवून घेतलें आणि हॉप्लीची व वेल्सची हकीकत थोडक्यांत सांगितली. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाले, "तें सर्व खरें, सर. पण संध्याकाळीं मी दमून घरीं येतों, हा पुस्तक उघडत नाहीं, आणि माझा हात उठतो. तेथें माझ्याकडे कोणाला पाठवितां?" याला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. शनिवारीं शाळा सुटल्यावर मुलाला घेऊन या, म्हणून आम्हीं त्यांना सांगितलें. ते आले. तिघे मिळून मुलाची वही उघडून बसलों, तेव्हां असें दिसलें कीं, त्याला वजाबाकींत हातचा घेणेंच समजलेलें नाहीं, आणि तेथून पुढचें सगळें अडलें आहे. वडिलांनाहि तो नीट सांगतां येईना. मग दुकानांतल्या सुट्या पैशांचें उदाहरण त्यांनींच काढलें. दहाची नोट मोडून दहा रुपये सुटे करावे लागतात, हें मुलाला पटकन कळलें. चार वजाबाक्या त्यानें आमच्यासमोर केल्या, त्यांतल्या तीन बरोबर आल्या.